तहाच्या अक्षता

हर्नडन, २ मार्च

चि. नेत्रा,

आजीच्या पोटातून निघालेले सगळे आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं! तुझ्या बाबांनी, श्रीरंगरावांनी, बिलांच्या गठ्ठ्यातून काढून दिलं आणि म्हणाले, "आई, तुमच्या नावाचं टपाल." अगं, या देशात माझ्या नावाचं काही येत नाही, दातांच्या डॉक्टरची कार्डं सोडून. मी वाचलं, मग हात धुऊन येऊन परत वाचलं. तुझं अक्षर वाकडं आहे, पण माझं कुठं सरळ आहे? मी चौथीपर्यंत शिकलेली. तू डॉक्टर होणार, तेही इतिहासाची. बार्शीत कुणाला सांगितलं तर म्हणतील, इतिहासाला काय आजार झालाय.

तर काय सांगत होते. तुझं लग्न मेच्या शेवटी. हॉल ठरला. गुरुजी मेरीलँडहून येणार. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना, अनीशच्या आईला, पुरणपोळी हवी म्हणून तुझ्या आईने केटरर बदलला. सगळं ठरलं, मामा तेवढा ठरला नाही. आपल्यात नवरीला मामा हाताला धरून मंडपात आणतो, आणि तुझा मामा तुझ्या आईशी बोलत नाही.

तुला ठाऊक आहे सगळं, तरी लिहिते, लिहिलं की मन हलकं होतं. मी रेडमंडला तुझ्या मामाकडे, अरुणकडे होते. तिथला पाऊस म्हणजे नळ गळावा तसा, थांबतच नाही. पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. अरुण आणि तुझी मामी रत्ना दोघं ऑफिसात. तुझी आई विमानाने आली, "आईची इथे आबाळ होते" म्हणाली आणि रत्ना कामावर असताना माझी बॅग भरून मला इकडे घेऊन आली. फ्रिजवर चिठ्ठी लावली तेवढी. अरुण म्हणाला, "विनीताने माझी आई चोरून नेली." झालं. लोक जमिनीवरून भांडतात ना, तशी मी जमीन झाले.

दिवाळीत तू सांगत होतीस, तुझ्या प्रबंधातला तो साहेब, ज्याने इंग्रज आणि अमेरिकेची लढाई मिटवली. कशी मिटवली त्याने? सविस्तर लिही. माझ्याकडे दोनच आहेत, पण दोन्ही माझ्याच पोटचे, म्हणजे हट्टी.

तुझी आजी

*

स्टेट कॉलेज, ८ मार्च

प्रिय आजी,

माझं मराठी शनिवारच्या मराठी शाळेतलं आहे. चुका झाल्या तर हसायचं नाही.

साहेबाचं नाव हेन्री गोलबर्न. वर्ष १८१४. बेल्जियममध्ये गेंट नावाचं शहर आहे, तिथे इंग्रजांचे तिघं आणि अमेरिकेचे पाच जण तह करायला बसले. गोलबर्न त्या तिघांतला, फक्त तिशीचा. आधी दोघांनीही खूप मोठं मोठं मागितलं. मग एकेक गोष्ट सोडत गेले. गोलबर्नला स्वतःच्या मनाने काही ठरवता येत नव्हतं, प्रत्येक गोष्टीला लंडनला पत्र लिहून विचारायचं. सगळे वैतागले. पण मला वाटतं, त्या उशिरामुळेच राग थंड झाला. शेवटी काय ठरलं, माहितीये? लढाईच्या आधी जे जिथे होतं, ते तिथे. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही.

तुला आवडेल म्हणून सांगते: अमेरिकेच्या बाजूचा एक जण पहाटे उठायचा, तेव्हा त्यांचाच दुसरा पत्ते संपवून झोपायला चाललेला असायचा.

आजी, मला मामाच हवा. समामिश तळ्यात त्याने मला पोहायला शिकवलं. मी पाण्यात शिरायला घाबरत होते, तर तो ऑफिसच्या कपड्यांत आत उतरला, खिशात फोन होता तरी. तो नसेल तर मी मंडपात एकटी चालत येईन. आईला काय म्हणायचं ते म्हणू दे.

एकच कर. फोन नको. फोनवर दोघं ओरडतात. कागदावर मागू दे.

तुझी नेत्रा

*

हर्नडन, १८ मार्च

चि. नेत्रा,

पत्त्यांचं वाचून इतकी हसले की तुझी आई जिन्यावरून खाली आली. तुझे आजोबा असेच होते, पत्ते खेळून येताना दूध घेऊन यायचे, म्हणजे दुधाला गेलो होतो असं वाटावं.

तू सांगितलंस तसं केलं. तुझी आई पोळ्या लाटत होती, मी शेजारी कागद घेऊन बसले. म्हटलं, "तुला अरुणकडून काय हवं ते सांग."

"आई, तू काय वकील झालीस?"

"वकील नाही गं, साहेब झाले."

तिने लाटणं आपटत सांगितलं. आई यापुढे कायमची इथेच राहणार. आणि आबाळ झाली हे अरुणने कबूल करायचं. मी लिहून घेतलं आणि अरुणला पाठवलं. पोस्टमनने पत्र न्यावं म्हणून पत्रपेटीचं लाल निशाण मी माझ्या हाताने वर केलं, बऱ्या झालेल्या हाताने.

अरुणचं उत्तर आलं. माझ्या मुलाने पेन धरलंय हे बघूनच मला भरून आलं. मग वाचलं, आणि भरलेलं उतरलं. "आई परत रेडमंडला आली पाहिजे. विनीताने माफी मागितली पाहिजे. आणि लग्नाची पत्रिका तिने फोनवर ढकलली, तसल्या पत्रिकेला मी येणार नाही. भावाला बोलवायचं तर कुंकू आणि अक्षता घेऊन दारात यावं, आपल्याकडे रीत आहे तशी."

आता सांग. एक म्हणते कायमची इथे, एक म्हणतो परत तिथे. दोघांनाही मी अख्खीच हवी. लाडू असता तर फोडून दिला असता.

तुझ्या आईला अक्षतांचं वाचून दाखवलं, तर म्हणाली, "रेडमंड काय शेजारच्या गल्लीत आहे?" पण तिलाही रीत ठाऊक आहे.

तुझी आजी

*

स्टेट कॉलेज, २५ मार्च

प्रिय आजी,

तू भारी आहेस. पण एक सांभाळ. गोलबर्न आणि त्याचे सोबती एकदा इतके ताणून बोलले की तह मोडायची वेळ आली. लंडनहून त्यांना ओरडा बसला. म्हणून कोणाच्याही तोंडी तो न बोललेलं वाक्य घालू नकोस. मला माहितीये, तुला गोड करून सांगायची सवय आहे.

त्यांनी शेवटी काय केलं, तर ज्या मागणीवर समोरचा उठून जाईल, ती सोडून दिली. माफी ही तसली मागणी आहे. दोघांनाही सोडायला लाव.

आणि हे आईला कळू देऊ नकोस. तिने काल फोन केला. म्हणाली, "मामा नाही आला तर शंतनूकाका उभे राहतील, मी त्यांच्याशी बोलून ठेवते." शंतनूकाका चांगले आहेत, दर गणपतीला आपल्याकडे आरती म्हणतात. पण ते आईच्या ऑफिसमधले आहेत गं. ते माझे मामा नाहीत. मी "ओके" म्हणाले आणि लायब्ररीच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

वेळ कमी आहे, आजी.

नेत्रा

*

हर्नडन, ३ एप्रिल

चि. नेत्रा,

रडू नकोस. लायब्ररीत तर मुळीच नको, लोकांना वाटेल परीक्षेत नापास झालीस.

मी तह लिहिला. माझ्या हाताने, श्रीरंगरावांच्या ऑफिसच्या कोऱ्या कागदावर. कलम पहिलं, माफी कोणी मागायची नाही. दुसरं, विनीताने अक्षता घेऊन रेडमंडला जायचं. तिसरं, रेडमंडचे पावसाळी महिने मी हर्नडनला, उन्हाळा रेडमंडला. तुझ्या आईने वाचलं, चष्मा काढला, परत घातला. म्हणाली, "दादाला आधी हो म्हणू दे. मी दारात जाऊन उभी राहीन आणि तो दार लावेल, असं मला नको." पण सही केली! खाली नाव लिहिलं, विनीता.

मग तोच कागद अरुणला पाठवला. वर लिहिलं, उत्तर पत्रानेच दे, फोन करू नकोस. फोनवर त्याचा आवाज चढला की हिचा चढतो, आणि मग कलमं कुठली आणि काय कुठलं.

आता वाट बघायची. इथे चेरीला फुलं आलीत. खारीने माझी हळदीची कुंडी उकरली. श्रीरंगराव म्हणतात तिला हाकला, पण तिची पोरं असतील, म्हणून मी दाणे दुसरीकडे टाकते. हाही एक तहच.

तुझी आजी

*

स्टेट कॉलेज, १० एप्रिल

आजी,

आलं का उत्तर? आई म्हणते, कार्यक्रमाचा कागद छापायला द्यायचाय, त्यात मामाचं नाव लागतं, आता थांबता येणार नाही. मी मामाला फोन करू का? फक्त विचारते, पत्र मिळालं का. एवढंच.

नेत्रा

*

हर्नडन, १४ एप्रिल

चि. नेत्रा,

नको. फोन नको. तूच सांगितलं होतंस. मी तुझ्या मामाला जन्मापासून ओळखते. घाई केली की तो नाही म्हणतो. लहानपणी औषध पाजताना सुद्धा चमचा हातात धरून गप्प बसावं लागायचं, मग स्वतःच तोंड उघडायचा. मी तुझ्या आईला म्हटलंय, थोडं थांब. ती नुसती मान हलवते आणि फोनमध्ये बघते.

पत्र वाटेत असेल. धीर धर.

आजी

*

हर्नडन, १७ एप्रिल

नेत्रा,

आज वाईट झालं. क्रमाने सांगते, नाहीतर माझंच मला समजणार नाही.

सकाळी तुझ्या आईने कार्यक्रमाचा कागद घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांना. त्या ग्रुपमध्ये अरुणही आहे, रत्नाही. त्यात लिहिलंय, वधूचे मामा, शंतनू. मला दाखवलाही नाही आधी. मी विचारलं, "हे काय केलंस?" म्हणाली, "आई, किती थांबू? त्याला यायचंच नाहीये. यायचं असतं तर एव्हाना कळवलं असतं."

दुपारी टपाल आलं. त्यात अरुणचं पत्र. वरची तारीख मागच्या आठवड्यातली. वाटेत कुठे पडून होतं, देव जाणे. त्यात लिहिलंय, "आई, कलमं मान्य. विनीताला सांग, तिने यावं. मी दारात उभा असेन. नेत्राला मीच मंडपात आणणार." सोबत तहाचा कागद, खाली सही. तुझ्या आईच्या नावाशेजारी त्याचं नाव.

तुझी आई पत्र घेऊन पायरीवर बसली ती बसलीच. ग्रुप उघडला तर अरुण ग्रुप सोडून गेलेला. नुसती एक ओळ दिसते, अमका बाहेर पडला म्हणून. फोन केला, त्याने उचलला नाही. मी केला, तोही उचलला नाही. माझा फोन त्याने कधी टाळला नव्हता.

फोन नको म्हणून मीच अडून बसले. तू विचारलंस तेव्हा हो म्हटलं असतं तर.

आजी

*

स्टेट कॉलेज, २१ एप्रिल

आजी,

फोन नको ही कल्पना माझीच होती. तेव्हा तू एकटी दोष घेऊ नकोस.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. गेंटला सह्या झाल्या नाताळच्या आदल्या दिवशी. पण बातमी जहाजाने यायची. ती इकडे पोचायच्या आधीच न्यू ऑर्लिन्सला मोठी लढाई झाली. तह झालेला होता, आणि लोक मरत होते, कारण त्यांना माहीतच नव्हतं. मी हे वर्गात शिकवते आणि मुलं म्हणतात, किती वेडे होते तेव्हाचे लोक.

पण पुढचं ऐक. ती लढाई झाली म्हणून तह मोडला नाही. बातमी आली, दोन्हीकडे मंजुरी मिळाली, आणि संपलं. मामाची सही आहे. आईची सही आहे. ती पुसली गेली नाही. फक्त आता ते पत्राने जाणार नाही. माणसाने जायला हवं. मी आईला फोन केला, ती म्हणते, "कोणत्या तोंडाने जाऊ?" तू तिला घेऊन जा.

शंतनूकाकांना नको म्हणून कळवायला आईला सांग. मामा आला नाही तर मला कोणीच मामा नको. हे मी रागाने लिहीत नाहीये. म्हणजे थोडं रागानेच.

नेत्रा

*

रेडमंड, २९ एप्रिल

चि. नेत्रा,

आम्ही इथे आलोय. विमानात तुझ्या आईने कुंकवाची डबी आणि अक्षता मांडीवरच्या पर्समध्ये घट्ट धरल्या होत्या. शेजारच्या बाईने विचारलं, "इज इट जुवेलरी?" तुझी आई म्हणाली, "राइस." ती बाई खिडकीकडे सरकली.

रत्नाने दार उघडलं. मला म्हणाली, "आई, आत या, भिजाल." तुझ्या आईला काही नाही. या पण नाही, जा पण नाही. आम्ही कोचावर बसलो. आपण पाहुणे असल्यासारखं तिने पाणी दिलं, ट्रेमध्ये. माझ्याच घरात, जिथे मी वाटीने माठातलं घ्यायची.

अरुण बसने आला. छत्री न मिटवताच उभा राहिला.

"शंतनूचं काय?"

"त्याला नको म्हणून सांगितलं," तुझी आई म्हणाली.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, सुटलो बाई, मला धोतर नेसता येत नाही."

अरुणला हसू आलं, पण त्याने ते ओठातच दाबलं. तुझी आई उठली. "दादा, तुझं पत्र मला उशिरा मिळालं. आधी मिळालं असतं तर तो कागद गेला नसता. अक्षत घे. तुझ्याशिवाय माझी पोर मंडपात पाऊल टाकायची नाही." अरुणने छत्री खाली टाकली आणि हात पुढे केला. मला वाटलं, मिटलं. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात रत्ना म्हणाली, "थांबा."

"कलमं मी वाचली," ती म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आई उन्हाळ्यात इथे राहणार. कोण बघणार त्यांना? मी. त्यांची पथ्याची भाजी कोण करणार? मी. मग त्या कागदावर माझं नाव कुठंय? मला कोणी विचारलं?"

तिने पाण्याचा ट्रे उचलून बाजूला ठेवला.

"त्या दिवशी आईंना मऊ भात लागेल म्हणून मी ऑफिसातून लवकर निघाले. घरात आले तर खोली रिकामी. मला वाटलं ॲम्ब्युलन्सने नेलं. मी हॉस्पिटलांना फोन करत सुटले. फ्रिजवरची चिठ्ठी नंतर दिसली. आबाळ होते, असं लिहिलं होतं तिच्यात. ती आबाळ करणारी मी. तेव्हापासून तुम्ही भाऊबहीण भांडताय, पत्रं लिहिताय, तह करताय. त्या दिवसाचं मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही."

तुझ्या आईचा हात तसाच पुढे राहिला होता. ती म्हणाली, "वहिनी, मला हे माहीत नव्हतं."

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

मग तुझ्या आईने अरुणकडे पाठ केली. डबी उघडली आणि रत्नाला म्हणाली, "वहिनी, आधी तुम्हाला." रत्नाने कुंकू लावून घेतलं. अक्षता मात्र घेतल्या नाहीत. म्हणाली, "देवासमोर ठेव. येण्याचं मी नंतर सांगते." आणि अरुण म्हणाला, "रत्ना नाही, तर मी नाही." बरोबर बोलला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

तुझी आई सुट्टी संपली म्हणून आज परत निघाली. मी थांबलेय.

आजी

*

स्टेट कॉलेज, ४ मे

आजी,

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली. गेंटला इंग्रजांची पहिली मोठी मागणी काय होती, माहितीये? इथल्या मूळच्या लोकांसाठी, म्हणजे नेटिव्ह अमेरिकनांसाठी, वेगळा मुलूख. तेही त्या लढाईत लढले होते. त्यांच्या नावाने आठवडेच्या आठवडे वाद झाला. पण त्या टेबलापाशी त्यांचा एकही माणूस बसलेला नव्हता. शेवटी ती मागणी सोडून दिली, तेव्हाही त्यांना विचारायला कोणी नव्हतं. माझ्या प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे. ते लिहिणारीने मामीला एक ओळही लिहिली नाही.

आता लिहिली आहे. सोबतचं बंद पाकीट मामीचं आहे, ते तिलाच दे. तिने नाही म्हटलं तर मी समजू शकेन. तिला हो म्हणायला लावू नकोस, प्लीज.

आणि आजी, तुलाही आम्ही कोणी विचारलं नाही.

नेत्रा

*

रेडमंड, ११ मे

चि. नेत्रा,

पाकीट रत्नाला दिलं. तिने वाचलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. काय लिहिलंस ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जीव तुटत होता विचारायला, पण नाही विचारलं. आणि तू म्हणालीस तसं, एका शब्दानेही तिला गळ घातली नाही. माझ्यासारखीला गप्प बसणं किती कठीण, ते तुझ्या त्या साहेबालाही कळायचं नाही.

ती रोज कामावर जायची, यायची, देवापुढच्या वाटीकडे बघायचीही नाही. अरुण तिच्या मागे मागे, पण तोही गप्प. घरात तीन माणसं आणि बोलतोय तो कुकर.

आज रविवार. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. इथली मेथी बघ, पानं हाताएवढी आणि वास नावाला. रत्ना एकदम म्हणाली, "आई, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला कुठे राहायचंय?"

अगं नेत्रा, हातातली जुडी हातातच राहिली. मला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. बापाने ठरवलं, मग सासऱ्यांनी, मग तुझ्या आजोबांच्या बदल्यांनी, मग पोरांनी. तो तह लिहिताना मी स्वतःचे महिने वाटून दिले, तेव्हा माझं मलाही विचारायचं सुचलं नाही. मी म्हटलं, "खरं सांगू? विनीताकडे मला ऊन आवडतं. इथे तू आवडतेस."

ती मान खाली घालून निवडत राहिली. बघते तर देठ भाजीत टाकत होती आणि पानं कचऱ्यात. मीही तिला सांगितलं नाही. मग उठली, हात धुतले, देवापुढच्या अक्षता ओंजळीत घेतल्या आणि फोन लावला.

"विनीता, रत्ना बोलतेय. आम्ही येतोय. मी नऊवारी नेसणार आहे, कोणीतरी नेसवणारी बघून ठेव. आणि हे बघ, यापुढे आईंना न्यायचं असेल तर मला फोन कर. मी बॅग भरून देईन. तू भरलीस तेव्हा त्यांची गुडघ्याची पट्टी इथेच राहिली होती."

तिकडून तुझी आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण रत्नाने बऱ्याच वेळाने फोन ठेवला आणि परत मेथी निवडायला बसली.

अरुणने आत्ता तिकिटं काढली, तिघांची. मंडपात येताना तुझा एक हात मामा धरेल. दुसरा मोकळा ठेव, मामीसाठी.

तुझी आजी